वहिनी, बाजूला व्हा, ओव्हर

खरं सांगायचं तर मी रेडिओच्या छंदात पडले ती वहिनीवर जळून. आता कोणी विचारलं की सांगते, आवड होती, कुतूहल होतं, वगैरे. तसलं काही नव्हतं. शाळेत विज्ञानात मी काठावर पास व्हायची, आणि घरातला फ्यूज उडाला तर अजूनही आमच्या ह्यांना हाक मारते. पण वहिनीला जे येतं ते मला येत नाही, आणि तेही माझ्याच वडिलांपाशी बसून तिला आलंय, हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. जळगावला त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी रेडिओ ऐकायचं सोडलं तसं ते दुकान आपोआप मिटलं, आणि आई गेल्यावर तर नाना ओट्यावर नुसते बसून राहायला लागले. मग कुठून तरी त्यांना हॅम रेडिओचं वेड लागलं. म्हणजे सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, अक्षरं आणि आकडे मिळून आपल्याला एक नाव मिळतं, कॉल साइन म्हणतात त्याला, आणि मग गच्चीवर तार ताणून घरातल्या सेटवरून आपल्यासारख्याच परवानेवाल्यांशी बोलत बसायचं. मध्ये फोन नाही, इंटरनेट नाही. सरळ हवेतून. त्या वयात नाना परीक्षा पास झाले तेव्हा मी धुळ्यात पेढे वाटले. कॉलेजच्या रस्त्याला माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. येईल त्या पोराच्या हातावर पेढा आणि सोबत नानांची सगळी माहिती, त्याने विचारलेली असो नसो.

सेट मांडला माझ्या खोलीत. माझी म्हणजे लग्नाआधीची. माझं कपाट गच्चीच्या जिन्याखाली गेलं. त्याचंही मला काही वाटलं नाही, नानांसाठी गेलं ना, जाऊ दे. पण पुढे एकदा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फोनवर सहज म्हणाला, "अगं, हीपण पास झाली ना ती रेडिओची परीक्षा. नानांनी शिकवलं. दोघं सकाळी एकत्रच बसतात."

सहज म्हणाला तो. आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

का, ते सांगते. लहानपणी मी शाळा सुटली की नानांच्या दुकानात जायची. काउंटरच्या अलीकडे. पलीकडे जायचं नाही, हा नियम. सोल्डरिंगची गन हातात घेतली की नाना ओरडायचे, "ठेव ते, हात भाजी जाई." एकदा एका जुन्या ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण मी उघडलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पोरीची जात, कशाला पाहिजे तुला हे, असं त्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण मला ते कळत होतं. आणि आता परक्या घरून आलेल्या पोरीला जवळ बसवून हे बाबा तिला तारा, बटणं, मोर्सचे ठिपके नि रेघा शिकवतात. मोर्स म्हणजे पूर्वी तार पाठवायचे ती कडकट्ट. अक्षराला आखूड-लांब टिकटिक. वहिनीला ती म्हणे पाठ. मेलीला मराठी व्याकरण कधी धड जमलं नाही, आणि मोर्स पाठ!

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण फोन केला की आता वहिनीच उचलायला लागली. "नानांना द्या" म्हटलं की "देते हं ताई" म्हणायची आणि स्पीकर लावायची. मग मी विचारायची, नाना, गोळ्या घेतल्या का? आणि पाठोपाठ वहिनीचा आवाज, "नाना, ताई विचारताहेत, गोळ्या घेतल्या का?" अरे, मी काय चिनी भाषेत बोलते? माझ्या बापाला माझं बोलणं ही समजावून सांगणार? एकदा मी म्हटलंही, "वहिनी, मी आहे ना लाइनवर." ती गप्प बसली. मग नानाही गप्प बसले. आणि थोड्या वेळाने नाना म्हणाले, "बरं, बरं. ठेवू मग?" मी कधी ठेवायला सांगितलं होतं?

माहेरी गेले तरी तीच तऱ्हा. सकाळी चहा झाला की दोघं खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. दादा म्हणायचा, पंख्याचा आवाज, मिक्सरचा आवाज, त्यांना त्रास होतो. मी बाहेर स्वयंपाकघरात वांगी भाजत बसायची आणि दारापलीकडून नानांचा तो मोकळा, हसरा आवाज ऐकायची. माझ्याशी बोलताना तो आवाज नसायचा. मी समोर बसून तासभर धुळ्याच्या गोष्टी सांगितल्या तरी नाना नुसतं माझ्या तोंडाकडे बघत "हं, हं" करायचे, आणि मधेच भलत्याच ठिकाणी हसायचे. माझं नणंदेशी वाजलं ते सांगत होते तर म्हणाले, "छान, छान." मी समजले काय समजायचं ते. बाप बदलला. लेक पाहुणी झाली आणि सून घरची.

परतीच्या एसटीत मी ठरवलं की मीही परवाना काढणार. वहिनी जर त्या सेटवर बसून बोलू शकते तर मी धुळ्याहून थेट नानांना हाक मारीन. मध्ये तिचा स्पीकर नको आणि तिचं "ताई विचारताहेत" नको. मी आणि नाना.

हे घरात कोणाला सांगितलं नाही, म्हणजे जळगावला. आमच्या ह्यांना सांगणं भागच होतं, कारण गच्चीवर तार कोण बांधणार? ते म्हणाले, "तुला फोन करता येत नाही का?" मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. पारोळ्याचे एक जुने परवानेवाले होते, त्यांनी त्यांच्याकडचा पडून असलेला रिसीव्हर दिला आणि पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खांबापर्यंत तार कशी, किती उंच बांधायची ते दाखवून गेले. जाताना म्हणाले, "ताई, आत्ता तुमच्याजवळ फक्त कान आहे. तोंड परवाना आल्यावर." आयुष्यात कोणी मला नुसतं ऐकायला सांगितलं असेल तर ते तेवढंच.

आणि मग मी ऐकायला लागले. सकाळी दुकान उघडण्याआधी चाळीस मीटर नावाच्या पट्ट्यावर या लोकांची बैठक भरते. नशिराबादचे एक चाचा ती चालवायचे. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे म्हणे, आणि बोलणंही तसंच, मोजून आणि घाई न करता. एकेकाची कॉल साइन पुकारायचे, मग त्याने बोलायचं, बोलून झालं की "ओव्हर" म्हणायचं, मग दुसऱ्याने. कोणी कोणाला तोडायचं नाही. आमच्या घरात हे कोणाला जमलं असतं?

पहिल्यांदा नानांचा आवाज त्या खरखरीतून बाहेर आला तेव्हा माझ्या हातातला कप तसाच राहिला. काय बोलत होते! हवा कशी आहे, केळीला ऊन कसं लागलंय, कोणाच्या नातवाचा निकाल काय लागला. माझ्या मुलाचा निकाल लागला तेव्हा म्हणाले होते, "बरं, बरं." इथे पहूरच्या कुणा माणसाला त्याच्या गुडघ्याचं विचारत होते. घरी नाना आमची खानदेशी बोलतात, माले-तुले, शे-नही. सेटवर मात्र अगदी शाळामास्तरासारखं शुद्ध मराठी. माझ्या बापाची ही बाजू अख्ख्या महाराष्ट्राला माहीत, आणि मला नाही.

ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. समोरचा "ओव्हर" म्हणाला की बाकीचे लगेच बोलायचे. नाना थांबायचे. चांगले थांबायचे. मग बोलायचे. मला क्षणात उलगडलं: वहिनी शेजारी बसून सांगत असणार, आता हे बोला, आता ते बोला. माझ्या बापाला, ज्याने गावातले मेलेले रेडिओ उठवले, त्याला ही पढवते. वर कधी कधी स्वतःची कॉल साइन सांगून तीही बोलायची, आणि मग सगळ्यांचं सुरू, वहिनी नमस्कार, वहिनी चहा झाला का. माझी वहिनी सगळ्या महाराष्ट्राची वहिनी होऊन बसली होती, आणि मी धुळ्यात कान लावून नुसती जळत होते. ह्यांनी एकदा विचारलं, "एवढा त्रास होतो तर ऐकतेस कशाला?" ऐकल्याशिवाय मला राहवतही नव्हतं.

परीक्षेत दोन प्रकार असतात. लहानीत मोर्स नाही, मोठीत आहे. मी लहानी दिली. झेरॉक्स काढता काढता अभ्यास केला, ओहमचा नियम, लहरींची लांबी, कोणत्या पट्ट्यावर काय चालतं आणि काय नाही. पास झाले. मग परवान्याची वाट. पोलीस चौकशीला हवालदार दुकानावर आले. म्हणाले, "बाई, या रेडिओवर तुम्ही कोणाशी बोलणार?" मी म्हटलं, माझ्या वडिलांशी. "ते कुठे?" जळगावला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "फोन नाही का त्यांच्याकडे?" आता काय सांगणार? म्हटलं, आहे, पण तो वहिनी उचलते. हवालदार विवाहित असावेत. पुढे काही विचारलं नाही त्यांनी.

परवाना आला, सेट आला. माझ्या पहिल्या हाकेच्या दिवशी मी सकाळी न्हाऊन, बरी साडी नेसून बसले. रेडिओवर दिसत नाही, माहीत आहे. तरी नेसले. नवशिक्याला पहिली गोष्ट शिकवतात ती माइकच्या बटणाची. बटण दाबलं की आपण बोलतो आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. सोडलं की ऐकतो. शिवाय आपण दाबून धरलंय तोवर दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. हे मला पाठ होतं. परीक्षेत मार्क मिळाले होते त्याचे.

चाचांनी विचारलं, "कोई नया स्टेशन?" मी बटण दाबलं. माझी कॉल साइन सांगितली, गाव धुळे, आणि म्हटलं, मला जळगावच्या नानांच्या स्टेशनशी बोलायचंय. ओव्हर. बटण सोडलं. नाना आता आवाज ओळखतील, म्हणतील, अरे, ही तर आपली. मी कान टवकारून बसले.

आवाज आला वहिनीचा. "ताई? ताई, तुम्ही? थांबा हं, मी सांगते त्यांना. ओव्हर."

मी सांगते त्यांना! इतकी परीक्षा दिली, पोलीस येऊन गेले, गच्चीवर तार आली, आणि इथेही मी सांगते त्यांना! मी बटण दाबलं आणि जे सुरू झाले ते सुरूच झाले. "वहिनी, बाजूला व्हा. मला माझ्या बापाशी बोलायचंय, तुमच्याशी नाही. फोन तुम्ही उचलायचा, खोली तुम्ही घ्यायची, दार तुम्ही लावायचं, आता हवासुद्धा तुमच्याच मालकीची का? त्यांनी काय बोलायचं तेही तुम्हीच सांगता, मी रोज ऐकते, मला कळत नाही का? काय करून ठेवलंय तुम्ही माझ्या नानांचं? उठा तिथून. ओव्हर."

ओव्हरसुद्धा म्हणाले मी. शिकवलं होतं ना. आणि त्या सगळ्या वेळात बटण माझ्या मुठीत असल्यामुळे मला कोणी थांबवू शकलं नव्हतं. बटण सोडल्यावर मला आठवलं की इथे आम्ही दोघीच नाही. नशिराबाद, पहूर, पारोळा आणि पार पुढची कुठली कुठली गावं कान लावून बसलेली.

मग नानांचा आवाज आला. प्रसन्न आणि अगदी मोकळा.

"धुळ्याच्या नवीन स्टेशनचं मनापासून स्वागत. आपला सिग्नल उत्तम येतो आहे. कृपया आपलं नाव सांगावं. या छंदात आपल्याला खूप आनंद मिळो. ओव्हर."

आपलं नाव. नाना मला आपलं नाव विचारत होते.

मी सेट बंद केला. रडले नाही, संताप एवढा होता की रडू फुटायला जागाच नव्हती. बाप सुनेसमोर लेकीला ओळख देत नाही, इथवर गोष्ट आली तर मग एकदा समोरासमोरच होऊ दे. ह्यांना म्हटलं, दुकान बघा, आणि मिळेल त्या एसटीत बसले. पारोळा, एरंडोल, जळगाव येईपर्यंत वहिनीला काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होते. बरंच होतं.

दार वहिनीनेच उघडलं. तिचे डोळे सुजलेले. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "बोला ताई, काय बोलायचं ते मोठ्याने बोला. नाना आत आहेत, पण त्यांना ऐकू जाणार नाही."

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे ऐकूच येत नाही त्यांना. बायकांचा आवाज तर जवळजवळ नाहीच. समोर बसलं तर ओठांवरून थोडं कळतं. फोनवर नाही, सेटवर तर नाहीच."

तिथेच ओट्यावर बसून तिने सगळं सांगितलं. कानातलं यंत्र आणलं होतं, पण सेटजवळ गेलं की ते शिट्ट्या मारायचं, म्हणून नानांनी ते काढून ठेवलं ते ठेवलंच. मग सकाळची बैठक सुटणार म्हणून दिवसच्या दिवस जेवले नाहीत. वहिनीने लिहून दाखवायचा प्रयत्न केला तर म्हणाले, मी काय शाळेत बसलोय? शेवटी नानांनीच युक्ती काढली. तिला मोर्स शिकवलं. ती कानाला हेडफोन लावून ऐकायची, आणि नाना टेबलावर हात पालथा ठेवायचे, त्या हातावर बोटाने टकटक करून ती सांगायची, कोण आलंय, काय म्हणतंय. मग नाना माइक घेऊन उत्तर द्यायचे. त्यांचं थांबणं ते एवढ्यासाठी.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"त्यांनी शपथ घातली होती. लेकीला कळलं तर ती फोन करायचं सोडील म्हणाले. तुमच्या दादांनाही बजावलं होतं."

"आणि आज सकाळी? नाव विचारलं मला त्यांनी."

वहिनीने पदराने नाक पुसलं. "तुम्ही जे बोललात ते त्यांच्या हातावर कसं काढू मी, ताई? नवीन स्टेशन, धुळे, एवढंच सांगितलं. तुम्ही आहात असं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, काय म्हणते ती, बठ्ठं सांग, सगळं. काय सांगणार होते मी?"

माझ्याकडे एवढं सगळं सुनवायला होतं, त्यातलं एकही वाक्य कामाचं उरलं नाही. मी आत गेले. नानांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "अचानक कशी उनी?" म्हणाले, आणि मग माझ्या ओठांकडे बघत राहिले. इतके महिने ते माझ्या तोंडाकडे का बघत होते ते मला तेव्हा कळलं. मी सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट काढत सांगितलं की मला परवाना मिळालाय. त्यांनी मला कॉल साइन परत परत म्हणायला लावली. आणि सकाळी धुळ्याचं कोणी नवीन आलं होतं ते मीच का, असं विचारलं. मी मान हलवली. "मंग नाव का नही सांग?" वहिनी दारात उभी होती. मी म्हटलं, लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बसवलं. दार लावलं. नानांनी हात टेबलावर ठेवला, वहिनीने बोटं ठेवली, चाचांनी पुकारा सुरू केला, आणि वहिनीची बोटं चालायला लागली. नाना डोळे मिटून हसत होते. मधेच म्हणाले, "हळू ना बेटा," आणि ती हळू झाली. मी तिसऱ्या खुर्चीवर.

आता तुम्हाला वाटेल, सगळं कळलं तर जळणं संपलं असेल. कसलं संपतंय? आधी मला वाटायचं वहिनीने बापाला हिसकावलं. ते खोटं निघालं, पण हिसकावलं नाही म्हणून माझ्या वाटणीला आला असं थोडंच होतं? नानांच्या कानात शिरायची वाट होती ती तिच्या बोटांतून. मी गळा फाडून ओरडले तरी माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायचा नव्हता. तिचं बोट पोचत होतं. मला तर उलट जास्तच झोंबलं.

पण त्याच दिवशी मी आणखी एक पाहिलं. बैठक संपल्यावर नानांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि मोर्सची की, म्हणजे टिकटिक वाजवायची ती दांडी, पुढे ओढली. दक्षिणेतल्या कुणा म्हाताऱ्याशी ते रोज टिकटिक करायचे. तिथे वहिनीचं काम नव्हतं. तो जाड, खर्जातला पीप-पीप त्यांना स्वतःला ऐकू येत होता. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "हो, तेवढं येतं त्यांना. पण मोर्सवाले आता राहिलेत कुठे?"

मी मनात म्हटलं, एक राहील.

वहिनी म्हणाली, मी शिकवते, फोनवर रोज थोडं थोडं. मी नको म्हटलं. सरळ नको म्हटलं. तिच्याकडून शिकून मी नानांशी बोलणार होते होय? मोबाइलवर ॲप घेतलं आणि दुकानात काउंटरवर पेनने ठोकत बसायला लागले. पोरं झेरॉक्सचे कागद पुढे करून उभी, आणि मी त्यांच्या मोटारसायकलच्या नंबराचं मोर्स करतेय. ह्यांनी ताटावर वाजवायची बंदी घातली. बोटं सुजली, कान विटले, ठिपका कुठला आणि रेघ कुठली कळेना. सोडून द्यावंसं वाटलं की सकाळी रिसीव्हर लावायची. वहिनीचं ते "नमस्कार मंडळी" ऐकलं की पुन्हा काउंटरवर.

मोठी परीक्षाही पास झाले. परवाना बदलून आला. मग एका सकाळी, बैठकीच्या आधी, मी मोर्सवर नानांची कॉल साइन ठोकली, पाठोपाठ माझी. एक अक्षर चुकलं, पुन्हा ठोकलं.

उत्तर लगेच आलं. थांबणं नाही. मधली ती जागा, जिथे वहिनी असायची, ती नव्हतीच. आधी माझी कॉल साइन आली. आणि मग इंग्रजी अक्षरांत, पण आमच्या बोलीत: जेवनी का?

सकाळी साडेसहाला कोण जेवतं? मी डोळे पुसत ठोकलं, नही, चहा लीधा. त्यांनी विचारलं, कशी शे. मी ठोकलं, बरी शे नाना. मागे माझं नणंदेशी वाजलं होतं ते सगळं मी त्यांना परत सांगितलं, अक्षर अक्षर करून, आणि या वेळी ते छान म्हणाले नाहीत. म्हणाले, तुनी चूक शे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. आणि मग मी ते मागितलं. मी ठोकलं, सकाळी आपण दोघंच बोलू, रोज, बैठक भरते त्याच वेळी. मला दुसरी वेळ चालली असती. दुकान दहाला उघडते मी. पण मला तीच वेळ हवी होती. नाना थोडे थांबले. मग म्हणाले, बरं बेटा.

तेव्हापासून नाना बैठकीला गेले नाहीत. मधे एकदा मी मुद्दाम ऐकलं. चाचा नानांची कॉल साइन पुकारत होते. एकदा पुकारली, पुन्हा पुकारली, आणि पुढच्या माणसाकडे वळले. वहिनीही नव्हती. मला बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू? बरेच दिवस फार बरं वाटलं.

दिवाळीला माहेरी गेले. सकाळी नाना खोलीत एकटेच, कानाला हेडफोन, दार सताड उघडं. आता मिक्सर लागला तरी त्यांना काय फरक पडणार होता? मी समोर जाऊन म्हटलं, आज तर मी इथेच आहे, कोणाशी बोलताय? हसले. दक्षिणेतला म्हातारा. वहिनी स्वयंपाकघरात होती, भांडी जरा जास्तच आपटत होती. मी पाट घेऊन तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "तुम्ही नाही गेलात आत?"

"मी कशाला? तुमचं बापलेकीचं आता थेट झालंय. मला कोण विचारतं?"

हे वाक्य माझं होतं. अगदी माझ्या आवाजात, माझ्या ठसक्यात. गेली दोन वर्षं मी ते मनातल्या मनात धुळ्याच्या गच्चीवर म्हणत होते. मला वाटलं, चला, आता कळलं हिला. आणि मी छान काहीतरी खोचक बोलणारच होते.

वहिनी चहा गाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सवय लागली होती हो. सकाळ झाली की नाना हात पुढे करायचे. आता करत नाहीत."

तिची दया यायला हवी होती मला. आली नाही. मी तिथे पाटावर बसून आठवत राहिले, लहानपणापासूनचं सगळं उकरून आठवत राहिले, आणि नानांनी माझ्यापुढे कधी हात केल्याचं मला आठवेना.